सातवी सळई

“आजोबा, जरा एवढं टोक धरता का?” असं भर फुटपाथवर एका बाईनं विचारलं, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मागे आजोबा म्हणण्याजोगं कुणी नव्हतं; एक विजेचा खांब होता आणि त्याला टेकून ठेवलेली एक सायकल होती. म्हणजे आजोबा मीच. मी चोपन्न वर्षांचा आहे, पण हे त्या पिवळं हेल्मेट घातलेल्या बाईंना सांगून उपयोग नव्हता, कारण तोवर त्यांनी पोलादी टेपचं टोक माझ्या हातात दिलंही होतं आणि “भिंतीला टेकवा, ओढ सोडू नका,” असं म्हणत त्या पलीकडे निघाल्याही होत्या. त्यांचा जोडीदार चहाला गेला असावा. जगातली निम्मी कामं जोडीदार चहाला गेल्यामुळे अडलेली असतात आणि उरलेली निम्मी तो परत आल्यामुळे बिघडतात. मी एक गुडघा जमिनीला टेकला, कोपर दुसऱ्या मांडीवर रोवलं आणि टोक भिंतीला दाबून धरलं. असं धरायला मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. मग तिकडून ओढ आली. आधी तळव्यात, मग मनगटात, मग खांद्याच्या मागे कुठेतरी, जिथे माझा हात कधी पोचत नाही तिथे. समोरचं माणूस दिसत नाही पण त्याचं वजन आपल्या हाताला कळतंय, असं काहीतरी. मला एकदम लोखंडाचा वास आला. टेप तर नवी होती, तिला प्लास्टिकचा वास यायला हवा होता.

बाईंनी आकडा वाचला, कागदावर पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, “कालच्यापेक्षा चार बोटं कमी येतंय. तुमचं टोक सरकलं वाटतं.”

“माझं टोक हललं नाही,” मी म्हणालो.

आवाज माझा नव्हता. म्हणजे घसा माझाच होता. पण त्यातला तो सपाट, खालच्या पट्टीतला, एकेक शब्द खिळ्यासारखा ठोकणारा आवाज सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या वडलांचा होता. सायकल सोडवायला आलेला माणूसही थबकला. बाई म्हणाल्या, “बरं बरं, चिडता कशाला?” त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं आणि हसल्या. “अगंबाई! मीच उलटीकडून वाचत होते. सॉरी हां आजोबा, माझंच चुकलं.” एवढं बोलून त्या टेप गुंडाळून पुढे गेल्याही. मी मात्र एका गुडघ्यावर तसाच. ‘माझंच चुकलं.’ मी मनात मोजलं: चार सेकंद लागले होते. चार सेकंदांत एका माणसानं आपली चूक कबूल केली होती आणि विजेचा खांब जागच्या जागी उभा होता, वाहनं डाव्या बाजूनंच चालली होती. आमच्या घरी याच कामाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि ते अजून सुरूही झालेलं नव्हतं.

ऑफिसात जाऊन बसलो तरी तळवा ओढ देत राहिला. मी एका पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात आहे. ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं लिहितो. हे काम दिसतं तितकं सोपं नाही, कारण या पत्रांत ‘चूक’ हा शब्द येता कामा नये, असा नियम आहे. चूक झाली असं लिहिलं की कंपनी गुंतते. म्हणून आम्ही दिलगीर असतो. कशाबद्दल, हे मोघम ठेवतो. पंखा छतावरून खाली आला, तर ‘पंख्याने आपली जागा सोडल्याचे समजले’ असं मी लिहितो, जणू निर्णय त्याचा होता. सव्वीस वर्षं मी असा दिलगीर आहे. साहेब म्हणतात, “तुमच्यासारखी पत्रं कुणाला जमत नाहीत हो. वाचणाऱ्याला वाटतं, आपणच पंख्याची माफी मागावी.” हे ऐकून मला बरं वाटतं आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत बरं वाटेनासं होतं. आमची ही म्हणते, “तुम्ही म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय.” तिला माहीत नाही की माझं लहानपणीचं नाव तेच होतं. गोगलगाय. ते मला टिटवीनं ठेवलं होतं. आणि तिला टिटवी हे नाव मी ठेवलं होतं, कारण ती साधं “पाणी दे” म्हणाली तरी आजूबाजूची चार माणसं दचकायची.

टिटवीचे वडील आणि माझे वडील दोघेही मोजणीदार. एकाच खात्यात, एकाच साखळीच्या दोन टोकांना. शंभर कड्यांची लोखंडी साखळी असायची आणि तिच्याबरोबर हातभर लांबीच्या दहा सळया, वरच्या बाजूला बोट घालण्याजोगं कडं वळवलेल्या. टिटवीचे वडील, म्हणजे माझे काका (सख्खे नव्हेत, पण सख्ख्या काकांना मी आयुष्यात तीनदा भेटलो आणि यांना दिवसातून तीनदा), हे पुढे चालायचे. साखळी ताणली की तिच्या पुढच्या टोकाशी ते एक सळई जमिनीत रोवायचे. बाबा मागच्या टोकाला. काकांनी रोवलेल्या सळईशी पोचून, तिथून पुढची साखळी मोजून झाली की बाबा ती सळई उपटून घ्यायचे. काकांच्या हातातल्या सळया कमी होत जायच्या, बाबांच्या हातातल्या वाढत जायच्या. हद्दीशी शेवटची सळईही उपटली की बाबांच्या हातात जितक्या सळया, तितक्या साखळ्या जमीन. कागद नको, पेन्सिल नको. “माणूस विसरतो,” बाबा म्हणायचे, “हातातली सळई खोटं बोलत नाही.” बारा वर्षं ते दोघं असे एकमेकांना न बघता, फक्त ओढीवरून एकमेकांना ओळखत चालले. काका थकले की साखळी किंचित सैल लागायची आणि मग बाबा तिकडून ओरडायचे, “बस रे घटकाभर!” आपल्या बायकोलाही त्यांनी कधी असं न विचारता ओळखल्याचं मला आठवत नाही.

आमची क्वार्टर्स शेजारीशेजारी होती. व्हरांडा एकच. टिटवी आणि मी दहा वर्षांचे, एकाच वर्गात, एकाच बाकावर. मला सायकल तिनं शिकवली. म्हणजे मागून धरलंय असं सांगायची आणि सोडून द्यायची. मी पडलो की वर विचारायची, “मी सोडलीय हे तुला कळलंच कसं?” सुट्टीच्या दिवशी वडलांबरोबर मोजणीला जायचा आम्हांला हट्ट असे. त्या दिवशीही गेलो. गावाबाहेर तलावाकाठी पाणीपुरवठ्याच्या इमारतीची जागा मोजायची होती. ऊन होतं. आम्हांला कामं दिली होती, कारण काम दिलं नाही तर मुलं प्रश्न विचारतात. टिटवीनं पुढे काकांबरोबर न रोवलेल्या सळया सांभाळायच्या आणि मी मागे बाबांबरोबर उपटलेल्या. सळया तापलेल्या, तळव्याला चटका देणाऱ्या, आणि हाताला तो वास. एकेक साखळी पुढे जात होती. मधूनच टिटवी मागे पळत यायची आणि माझ्या हाताकडे बघायची. सुरुवातीला तिच्याकडे दहा होत्या आणि माझ्याकडे एकही नाही, तेव्हा तिनं मला हिणवलं होतं. मग तिच्याकडे पाच, माझ्याकडे चार आणि एक जमिनीत. मग पारडं फिरलं. शेवटची सातवी साखळी झाली, जागेची हद्द आली, काका आणि बाबा खुंटीशी वाकून काहीतरी बघत होते, आणि टिटवी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात तीन. माझ्या हातात सात. तिचा खालचा ओठ बाहेर आला होता. ती रडणारी नव्हती, पण त्या क्षणी तिला जगातला मोठा अन्याय कळला होता. “माझ्या सगळ्या तुलाच का?” ती म्हणाली. “एक तरी दे ना.”

मी दिली. विचारही केला नाही. सगळ्यांत सरळ होती ती निवडून दिली. आयुष्यात मी अनेकांना अनेक वस्तू दिल्या, पण इतक्या मोकळ्या मनानं दिलेली दुसरी वस्तू मला आठवत नाही. 

बाबांनी माझ्या हातातून सळया घेऊन मोजल्या: सहा. काका म्हणाले, “सात रोवल्या मी.” बाबा म्हणाले, “माझ्याकडे सहा आहेत.” काकांनी टिटवीकडच्या मोजल्या: चार. सहा आणि चार दहा. हिशेब चोख. काका डोकं खाजवत हसले. “ऊन लागलं वाटतं मला.” वहीत सहा लिहिलं गेलं आणि दोघांनी खाली सह्या केल्या. आम्ही दोघं तेव्हा पाण्यात दगड मारत होतो.

पुढे चार महिन्यांनी तिथे भिंत बांधायला घेतली. कागदावरची भिंत संपली आणि जमीन मात्र उरली. बरोबर एक साखळी. त्या फटीतून पुढे कित्येक वर्षं लोक जवळच्या वाटेनं जात आणि मोजणी खात्याला दुवा देत, पण खात्यानं ते मनावर घेतलं नाही. साहेबांनी दोघांना बोलावून विचारलं, “टोक कुणाचं हललं?” बाबा म्हणाले, “माझं टोक हललं नाही.” काकाही तेच म्हणाले. दोघंही खरं बोलत होते, आणि तिथेच घात झाला. कारण एखादी सळई हरवली असती, नऊ भरल्या असत्या, तर ती चूक ठरली असती. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारून ती वाटून घेतली असती. पण सळया दहाच्या दहा होत्या. सरळ हिशेबी माणसांना चूक चालते, पण चोख हिशेबातून आलेली चूक चालत नाही. तिला ते लबाडी म्हणतात. बाबांच्या मते काकांनी सहाच रोवल्या आणि आता अंग काढून घेताहेत. काकांच्या मते बाबांनी एक सळई गुपचूप त्यांच्या गठ्ठ्यात सरकवली, त्यांना खोटं पाडायला. दोघांनाही कागदोपत्री ताकीद मिळाली, दोघांचीही बढती थांबली. व्हरांड्यात मधोमध पत्रा घालायचा ठरला. तो घालायच्या दिवशी दोघं आपापली टेप घेऊन आले, एकमेकांशी न बोलता आपापल्या बाजूनं व्हरांडा मोजला, आणि दोघांच्या खुणा भिंतीवर एकावर एक पडल्या. पत्रेवाला म्हणाला, “इतकं जुळणारं भांडण मी कुठे पाहिलं नाही.” 

मला सांगण्यात आलं, “त्या पोरीशी खेळायचं नाही.” तिलाही तसंच सांगितलं असणार. पण खरं सांगायचं तर असल्या हुकमांना मुलं विचारतात कुठे. आमच्या वर्गात वडील कोर्टात भांडत असलेले दोघं होते, ते रोज भिंतीमागे भेटून पेरू खायचे. आम्ही भेटू शकलो असतो. शाळा एक होती, बाक एक होता. मीच मास्तरांना सांगून बाक बदलून घेतला. कारण पत्रा बसवल्याच्या संध्याकाळी त्या पत्र्याच्या अलीकडे मी गृहपाठ करत होतो आणि पलीकडून काकांचा आवाज आला, “माझ्या हातात चार आल्या कुठून? चार?” माझी पेन्सिल वहीवरच थांबली. आठवतं ते एवढंच, की पोटात काहीतरी थंड, लांबट आणि सरळ असं उभं राहिलं. सांगायचं होतं. बाबा आत होते, दहा पावलांवर. त्यांची फूटपट्टी भिंतीला टांगलेली होती आणि ती फक्त रेघा मारायला वापरत नसत. मी ठरवलं, उद्या सांगू. वर्गात दुसऱ्या दिवशी टिटवीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर. मला वाटलं, तिला कळलेलं नाही. मग वाटलं, कळलंय. दोन्ही वाटण्यांना मी सारखाच घाबरत होतो. वर्षअखेरीस काकांची बदली झाली. सामानाच्या ट्रकवर ती गादीच्या वळकटीवर बसली होती आणि कुणालातरी शोधत होती. मी पाण्याच्या टाकीमागे होतो. ट्रक गेल्यावर बाबा व्हरांड्यात आले, पत्रा काढून टाकला आणि मग बराच वेळ त्या मोकळ्या व्हरांड्याकडे बघत उभे राहिले. हातात काही नव्हतं, पण मूठ वळलेली होती, साखळीचं कडं धरावं तशी.

बाबांना सांगायच्या मला पुष्कळ संधी आल्या. नोकरी लागली तेव्हा, लग्न ठरलं तेव्हा, ते निवृत्त झाले तेव्हा. शेवटी तर ते अंथरुणावर होते आणि फूटपट्टी केव्हाच माझ्या मुलीनं मोडली होती. एकदा मी “बाबा, ती तलावाची मोजणी...” इथपर्यंत आलोही होतो. ते म्हणाले, “त्याचं नाव काढू नकोस. चांगला माणूस होता.” मी पाणी दिलं आणि उठलो. ते गेले त्याच वर्षी मला बसमधून एक पाटी दिसली. मोटार ट्रेनिंग स्कूल, वर तिचं नाव, आणि पाटीखाली कमरेवर हात ठेवून एका शिकाऊ बाईवर ओरडत असलेली ती. बसची काच बंद होती, तरी ऐकू आलं. तेव्हापासून सहा वर्षं मी त्या रस्त्यानं जाताना पलीकडच्या फुटपाथवरून जातो. आणि पलीकडच्याच फुटपाथवर आज सकाळी पिवळ्या हेल्मेटवाल्या बाई मला भेटल्या होत्या.

साडेपाचला ऑफिस सुटलं. सकाळच्याच जागी येऊन मी रस्ता ओलांडला. पण आत गेल्यावर आयत्या वेळी धीर सुटला आणि “काय पाहिजे?” या टिटवीच्या प्रश्नाला मी “गाडी शिकायचीय” असं उत्तर दिलं. तिनं फॉर्म पुढे सरकवला. मी भरला. तिनं नाव वाचलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. केस पांढरे झाले होते, हनुवटी तीच होती.

“याआधी काही चालवलंय?”

“सायकल.”

“कुणी शिकवली?”

“एका मैत्रिणीनं.”

“बरी शिकवायची का?”

“पाडायची फार.”

“म्हणजे बरी शिकवायची,” ती म्हणाली आणि किल्ली घेऊन उठली. “चला. पहिला धडा आत्ताच. या वयात उद्यावर टाकू नये.”

तिच्या गाडीला ब्रेक दोन बाजूंना होते, एक माझ्या पायाशी आणि एक तिच्या. ती मला अहो-जाहो करत होती आणि मी स्टिअरिंगला असा धरून बसलो होतो जसा बुडणारा माणूस दुसऱ्या बुडणाऱ्याला धरतो. “क्लच सोडा. हळू. अहो, हळू म्हणजे माणसासारखं हळू, तुमच्यासारखं नव्हे.” गाडी तीनदा बंद पडली, चौथ्यांदा निघाली. आम्ही माणसाच्या चालीनं एका सरळ रस्त्याला लागलो. शेजारून एक बाई बाळाची गाडी ढकलत पुढे निघून गेली. मला जाणवलं की या जागेचा एक फायदा आहे: बोलताना तिच्याकडे बघायची सोय नाही.

“ती सळई मी दिली होती,” मी म्हणालो.

“समोर बघा.”

“शेवटची साखळी झाल्यावर. सातातली एक. मी बाबांना...”

“समोर बघ!”

आणि गाडी दाणकन थांबली. तिनं तिच्या बाजूचा ब्रेक दाबला होता. मागे हॉर्न वाजायला लागले. ती समोरच्या काचेतून बघत होती.

“तू दिलीस,” ती म्हणाली. “आणि मागितली कुणी होती?”

मी उगाच गिअर हलवून पाहिला.

“मी दहा वर्षांची होते रे, दगड नव्हते. बाबा रात्रंदिवस ‘चार आल्या कुठून’ करत बसायचे. अजून करतात. परवा डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या किती घेता, तर म्हणाले, ‘चार, पण त्या आल्या कुठून ते विचारू नका.’ माझ्यासमोर! चव्वेचाळीस वर्षं रोज वाढून घेतेय मी हे ताटात.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“एकटीनं?” ती एकदम माझ्याकडे वळली. तोच आवाज, बाहेरून जाणारा एक माणूस दचकला. “एकटीनं सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती, गोगलगाय! तुझ्या बाबांची फूटपट्टी मला माहीत नव्हती? मी रोज वाट बघायचे. म्हटलं, हा बोलेल, मग मी बोलेन, दोघं मिळून मार खाऊ. आणि तू काय केलंस? बाक बदललास!” तिचे डोळे भरले नव्हते, ती नुसती संतापली होती, आणि त्या संतापात इतका जुना, इतका न वापरलेला जिव्हाळा होता की मला तो सरळ अंगावर घ्यावासा वाटला. मी इतकी वर्षं समजत होतो की आम्हांला आमच्या बापांनी तोडलं. त्यांचा काय संबंध! ते आपले पत्र्याशी भांडत होते.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. फार वेळ नाही लागला. चारच सेकंद.

“माझंही,” ती म्हणाली. “गाडी सुरू कर.”

“कुठे?”

“घरी. बाबा जागे असतील. समोर बघ, आणि ब्रेकवर पाय ठेवून गाडी पळत नसते.”

काका खिडकीशी खुर्चीत होते. शहाऐंशी वर्षांचे, डोळे जवळजवळ गेलेले, कान मात्र खणखणीत. मी पायरी चढलो तशी त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “हा पाय त्याचा आहे.” टिटवी म्हणाली, “त्याच्या मुलाचा.” त्यांचा चेहरा घट्ट मिटला. मी जे वाटेत पाठ केलं होतं ते सगळं विसरलो आणि सांगून टाकलं. अगदी शाळेत उभं राहून सांगतात तसं, हात मागे बांधून. मधेमधे टिटवी “आणि मी मागितली”, “आणि मी घेतली” अशी भर घालत होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सळया आणा.”

सळया कुठून आणणार? टिटवीनं स्वयंपाकघरातून नऊ चमचे आणि एक काटा आणला. काकांनी ते बोटांनी चाचपून मोजले: दहा. मग ते खुर्चीतून पुढे वाकले आणि टेबलावर एकेक चमचा ठेवायला लागले. “एक,” ते म्हणाले. मी उचलला. “दोन.” मी उचलला. सातव्याला त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी काटा ठेवला. मी उचलला. “आता?” ते म्हणाले. टिटवी माझ्यापाशी आली, हात पुढे केला आणि पुटपुटली, “एक तरी दे ना.” मी दिला. तिनं नेऊन काकांच्या उरलेल्या तिनात ठेवला. त्यांनी बोटं फिरवली. चार. मग माझा हात ओढून घेतला, मूठ उघडली आणि मोजलं. सहा. पुन्हा आपले मोजले. पुन्हा माझे. एवढं साधं गणित एखाद्यानं इतक्या सावकाश केलेलं मी पाहिलेलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तिथे आधी काहीच नव्हतं. मग कपाळावरची एक शीर हलली.

“सात रोवल्या होत्या मी!” काका गरजले आणि खुर्चीच्या हातावर मूठ आदळली. दोन चमचे खाली पडले.

“हो काका.”

“मोठ्यानं बोल!”

“सात, काका! सातच रोवल्या होत्या!”

“आणि त्याच्या हातात...” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “त्याच्या हातात सहा होत्या.”

“सहाच होत्या.”

“म्हणजे तो खोटं बोलत नव्हता.”

“नव्हते बोलत.”

“मी त्याला लबाड म्हटलं. सगळ्या ऑफिससमोर. त्यानंही मला म्हटलं, ते सोड. बारा वर्षं साखळी ओढली त्याच्याबरोबर. ओढीवरून कळायचं मला त्याचं पोट दुखतंय की काय. असा माणूस खोटा कसा, हे कोडं मला जेवू देत नव्हतं रे.” डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते, दोन्ही एकाच वेळी, कुणालाही न थांबवता. “दोघंही बरोबर! आँ? टिटवे, ऐकलंस का? दोघंही! साहेबच मूर्ख होता. कुणाचं टोक हललं म्हणे! कुणाचं नाही हललं!” मग ते थांबले. “त्याला सांगितलंस?”

ज्याची मला भीती होती तोच प्रश्न आला. “नाही, काका. ते जाऊन सहा वर्षं झाली. राहून गेलं.”

त्यांनी मान हलवली. मी मार खायला तयार होतो. खरं तर मला तो हवा होता. पण ते म्हणाले, “मग ते माझ्याकडे लागलं. मला जायचंच आहे, आज ना उद्या. वर गेल्यावर त्याच्याशी काय बोलायचं, हा मोठा प्रश्न होता, तो सुटला. त्याचं तोंड बघण्यासारखं होईल!” त्यांनी खाली पडलेल्या चमच्यांकडे पाय लांब केले आणि अगदी समाधानानं म्हणाले, “पण घाई नाही. आधी इथे चार दिवस मिरवून घेतो.” टिटवी हसायला लागली. मी तिला चव्वेचाळीस वर्षांत हसताना ऐकलं नव्हतं. खिडकीवरचा पक्षी उडाला.

“तुम्ही दोघं काय बघताय?” काका म्हणाले. “गाढवं कुठली. जा, खाली जा. मला जरा त्याच्याबरोबर बसू दे.”

“खाली जाऊन काय करू?” टिटवी म्हणाली.

“खेळा. मी नको म्हटलं होतं ना? आता हो म्हणतोय.”

आम्ही खाली आवारात जाऊन उभे राहिलो. संध्याकाळचं स्वच्छ ऊन होतं. एका बाल्कनीत कुणी कपडे काढत होतं, फाटकाशी दोन बायका बोलत उभ्या होत्या. चोपन्न वर्षांच्या दोन माणसांनी काय खेळायचं असतं, हे आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं. माझ्या हाताला चमच्यांचा वास येत होता. मी म्हणणार होतो, उद्या येतो, धड्याला. तेवढ्यात वरची खिडकी उघडली आणि ज्या आवाजानं माळरानावर शंभर कड्यांपलीकडचा माणूस थांबत असे, त्या आवाजात काका ओरडले, “नुसते उभे काय राहिलात? पळा की!”

टिटवीनं माझ्याकडे पाहिलं. चपला काढल्या. पदर खोचला. मी “अगं, तुझे गुडघे...” म्हणेपर्यंत ती सुटली होती. मीही सुटलो. फाटकाशी उभ्या असलेल्या बायका बाजूला झाल्या. छातीत भाता चालल्यासारखं झालं, बूट फरशीवर फटाफट वाजायला लागले, आणि तिची पाठ माझ्यापुढे आठ पावलांवर, मग सहा, मग पुन्हा आठ. ती फाटकाला हात लावून वळली. तोंड लाल, केस सुटलेले, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हरलास!”

“हरलो!” मी तितक्याच मोठ्यानं ओरडलो.

“पुन्हा!” काका वरून म्हणाले. “पुन्हा!”